वैनी करून दाखव

खांदेश्वर स्टेशनचा हॉल अजून तसाच आहे. गाडी आली की माणसं भराभर निघून जातात आणि मग बराच वेळ कोणी नसतं. एवढं उंच छत आणि एवढी मोठी फरशी कोणासाठी बांधली असेल, असं मला लहानपणीही वाटायचं. कबुतरं तेवढी कायमची. त्यांच्या घाणीचा, थंड दगडाचा आणि बंद गाळ्यांच्या गंजलेल्या शटरांचा मिळून एक वास होतो. तो परवा नाकात गेला आणि मी होते तिथेच कठड्यावर बसले. खरं तर मला पुढे जायचं होतं. आमच्या घरात मृत्यू झाला होता आणि तो कळवायला मी आले होते. ज्यांना कळवायचं त्यांचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पण मी तासभर बसून राहिले.

याच हॉलमध्ये, मी नऊ वर्षांची असताना, दर शनिवारी अकरा ते एक माझी आई मला भेटायची. कोर्टाने तसं ठरवून दिलं होतं. मी नावड्याला काका-काकूंकडे राहत होते, ती दिघ्याला तिच्या भावाकडे. मूल कोणाकडे राहणार याचा खटला चालू होता, आणि निकाल लागेपर्यंत दोघांना सोयीची अशी मधली जागा म्हणून हे स्टेशन निघालं. मधली म्हणायची आपली. काकांच्या मोटरसायकलवरून मी वीस मिनिटांत पोचायचे. ती रिक्षा, बस आणि गाडी असं करत दोन तासांनी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाही तर पुढचं कळायचं नाही. मी माझ्या आईला आई म्हणत नसे. वैनी म्हणायचे.

आमचं नावड्याचं घर भरलेलं होतं. मी जन्मले तेव्हा दोन्ही आत्यांची लग्नं व्हायची होती. मी त्यांच्याच कडेवर वाढले, आणि त्या माझ्या आईला हाक मारायच्या, ‘वैनी, दूध तापला का?’ ‘वैनी, पोर रडते.’ कडेवर बसून मी तोच शब्द उचलला. थोरल्या काकूला तिचे दोन मुलगे आई म्हणायचे, म्हणून ती माझीही आई. इथे मी तिला काकू लिहिते आहे ते वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून. तोंडाने तिला काकू कधी म्हटलं नाही. एकत्र घरात असं होतंच. कितीतरी जण सख्ख्या आईला ताई नाही तर वैनी म्हणत म्हातारे होतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. माझ्या वडिलांना तर याची भारी गंमत वाटायची. ‘तुला पोर नाय झाली, ननंद झाली,’ असं ते तिला चिडवायचे. ती हसायची आणि माझ्या हाकेला ओ द्यायची.

ती साताऱ्याकडची. वडिलांनी पसंत करून आणलेली आणि घराने पसंत न केलेली. ती ‘पाणी’ म्हणायची, घर ‘पानी’ म्हणायचं. ती ‘बस की’, ‘खा की’, ‘ये की’ म्हणायची, आणि तिच्या प्रत्येक ‘की’वर आत्या एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. तेव्हा त्यात विष नव्हतं, किंवा मला दिसलं नाही.

ते घर मला वासांनीच आठवतं. सकाळी तांदळाच्या उकडीचा आणि भाकरीचा, दुपारी अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा, आणि दिवस कलला की तळोज्याच्या कंपन्यांचा. कंपन्यांचा वास रोज निराळा. एखाद दिवशी पिकलेल्या केळ्यांचा, एखाद दिवशी जळक्या रबराचा. आम्ही मुलं अंगणात नाकं वर करून तो कुठल्या कंपनीचा ते ओळखायचो आणि भांडायचो. पावसाळ्यात काका खाडीतून निवट्या आणायचे. चिखलात उड्या मारणारे ते मासे परातीतही उड्या मारायचे आणि वैनी किंचाळून खाटेवर चढायची. तिला मासे साफ करायला कधी जमलं नाही. काकू तिच्या हातातून विळी काढून घ्यायची. ‘सोर ते. तुझ्यानं व्हायचा नाय,’ म्हणायची, आणि दोन मिनिटांत परातभर मासे करून ठेवायची. मी दोघींच्या मध्ये उकिडवी बसलेली असायचे. तो माझा सुखाचा काळ होता असं आज म्हणता येईल. तेव्हा तो नुसता पावसाळा होता.

मग वडील गेले. कसे गेले ते इथे लिहीत नाही. वर्ष झालं आणि वैनीने दिघ्याला भावाकडे जायचं ठरवलं. भावाने तिला रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लावून दिलं होतं. माझी तिसरीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

“परीक्षा झाली का धारते पोरीला,” काकू म्हणाली, म्हणजे मग पाठवून देईन. वैनी एकटीच गेली.

परीक्षा झाली. निकाल लागला. चौथीची पुस्तकं आली आणि काकूने त्यांना खाकी कव्हरं घातली, वर माझ्या नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या. वैनी दोनदा मला न्यायला आली आणि दोनदा ओटीवरून परत गेली. काकूला मुलगी नव्हती. दोन मुलगे झाल्यावर देवाने हात आखडता घेतला असं ती सगळ्यांना सांगायची, आणि मग मला जवळ ओढून म्हणायची, “मना दिली ती ही.” तिसऱ्यांदा वैनी आली ती वकिलाचा कागद घेऊन.

शनिवारी ती माझ्या आधी पोचलेली असायची. काका मला हॉलच्या दारात सोडायचे आणि बाहेर मोटरसायकलवर बसून पेपर वाचायचे, किंवा वाशीला वगैरे काम काढून जायचे. वैनीच्या अंगाला पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा वास यायला लागला होता. खोक्यांच्या कडांनी तिची बोटं चिरलेली असायची. ती मला बघून उठायची, दोन पावलं पुढे यायची आणि थांबायची. आपण होऊन मी जवळ येते का ते बघायची. मी कधी जायचे, कधी नाही.

“वाळलीयास की गं,” हे तिचं पहिलं वाक्य. मग डबा उघडायची. बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा, कधी गुळाची पोळी. आठवडाभर तांदळाची मऊ भाकरी खाल्लेली मी, बाजरी घशात टोचते म्हणायचे. ती म्हणायची, “एवढा घास खा की.” मग माझ्या वेण्या सोडायची. काकूने सकाळी तेल थापून घट्ट घातलेल्या वेण्या. त्या सोडून ती नुसती बोटं फिरवत बसायची आणि पाऊण वाजला की पुन्हा तशाच घालायची, तितक्याच घट्ट, घरी कळू नये म्हणून. कळायचंच. काकूला रिबिनीच्या गाठीवरून कळायचं.

दोन तासांत बोलण्यासारखं फार नसतं. शाळा, गणित, दाताची कीड. ती मला दिघ्याच्या खोलीचं सांगायची. डोंगराला लागून आहे, खिडकीतून खाली कारखान्यांचे दिवे दिसतात, मामाने तुझ्यासाठी फळी ठोकलीय पुस्तकांना. मी ऐकून घ्यायचे. त्या फळीचा रंग कोणता, हे मी दोनदा विचारलं. हिरवा, ती दोन्ही वेळा म्हणाली. मग एक वाजत आला की ती रडायची. आवाज न करता, खालचा ओठ आत ओढून, पदराचं टोक एका डोळ्याला आणि मग त्याच घडीने दुसऱ्या डोळ्याला लावून. मी बारीक नजरेने बघून ठेवायचे. बघून ठेवण्याचं कारण होतं.

घरी आल्यावर मला उंबऱ्याच्या आत घेत नसत. काकू हातात मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन तयार असायची. माझ्यावरून ओवाळायची, आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, आणि शेवटी आवाज उतरवून, वैनीची. मग त्या मिरच्या मागच्या चुलीत. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नाही, आणि वासच आला नाही तर मोठी दृष्ट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मिरच्यांचा वास यायचा. मला खोकला यायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. तरी काकू विचारायची, “आला का गो कोनाला वास?”

कोणालाच आलेला नसायचा. आत्या म्हणायच्या नाय, काका म्हणायचे नाय. एकदा मी म्हटलं, मला आला. “तुला नाय कलायचा,” काकू म्हणाली, “तुलाच लागलीय.” आणि वैनीने माझ्याबरोबर बांधून दिलेलं डब्यातलं उरलेलं दर वेळी कोंबड्यांना घालायची. कोंबड्या बाजरीवर तुटून पडायच्या.

मग खरा कार्यक्रम. सगळे ओटीवर बसायचे. काकू पाय पसरून, मांडीवर सूप नाही तर नुसतेच हात. कोणीतरी म्हणायचं, “हां, वैनी करून दाखव.”

याची सुरुवात कशी झाली ते आठवत नाही. बहुतेक मीच केली असेल. डोक्यावर टॉवेलचा पदर घ्यायचा, कठड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि म्हणायचं, ‘वाळलीयास की गं. खा की. बस की.’ पहिल्या ‘की’लाच ओटी हसायला लागायची. मग वेणी सोडून दाखवायची, मग डबा उघडून दाखवायचा. आणि शेवटी रडणं. ओठ आत, पदराचं टोक, आधी हा डोळा, मग तो. काकू हसून हसून लाल व्हायची, मांडीवर थापा मारायची, तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते ती पदराने पुसायची तेव्हा अगदी वैनीसारखीच पुसायची, पण हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. जेवताना मग माशाची मधली तुकडी माझ्या ताटात. आठवड्याचे सहा दिवस मी घरातली एक मुलगी होते. शनिवारी मी घराचा जीव की प्राण होते. त्या हसण्याची मला चटक लागली होती, हे मी मान्य करते. नऊ वर्षांची होते, म्हणून कोणी मला माफ करू नये. मला नीट कळत होतं की मी काय विकते आहे.

काकू वाईट होती असं कोणाला वाटलं तर ते माझ्या लिहिण्याचा दोष. मला टायफॉइड झाला तेव्हा ती एकवीस दिवस माझ्या उशाशी बसून होती. तिचं प्रेम खोटं नव्हतं. ते दुसऱ्या कोणाला जागा ठेवत नव्हतं, एवढंच.

कोर्टात मला बोलावलं त्याच्या आधीच्या शनिवारी वैनीने डबा उघडला नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले. तिची बोटं खरखरीत होती.

“जज्ज मॅडम तुला इचारतील कुणाकडं ऱ्हायचं,” ती म्हणाली. “तुला काय वाटंल ते सांग. पण माझ्याकडं यायचं असंल तर आईकडं म्हण. वैनीकडं म्हणू नकोस. त्यांना कळायचं नाही.”

“तुला सगळे वैनीच म्हणतात,” मी म्हटलं.

“म्हणू देत की. तू एकदा आई म्हण. एकदाच. मग पुन्हा वैनी म्हण जन्मभर, मी ओ देईन.”

मी विचारलं, फळी कुठे आहे, दाराजवळ का खिडकीजवळ. ती म्हणाली, खिडकीजवळ. मी होय म्हणून मान हलवली. तिला कळलं.

कोर्टात बाहेर बाकं होती. एका बाकावर वैनी आणि मामा, समोरच्यावर काका आणि काकू. काकूने लग्नाकार्याची साडी नेसली होती. मला एकटीला आत नेलं. मॅडमच्या टेबलावर काच होती, काचेखाली कुठल्या कुठल्या देवांचे फोटो, आणि खोलीला जुन्या कागदांचा आणि लिंबाच्या गोळीचा वास. गोळी मलाही मिळाली. मॅडमनी शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं, मग चष्मा काढून म्हणाल्या, “इथं दुसरं कोणी नाहीये बाळा. कोणाकडे राहायला आवडेल तुला?”

“आईकडे,” मी म्हटलं.

“नक्की?”

“हो.”

हे वाक्य मी कोणाविषयी म्हटलं, यावर आमच्या दोन्ही घरांत पुढे वीस वर्षं चर्चा झाली. मला कोणी विचारलं नाही. मी वैनीविषयी म्हटलं होतं. मला दिघ्याला जायचं होतं. खिडकीजवळची हिरवी फळी मला हवी होती, आणि रडायच्या आधीची वैनी मला हवी होती. मॅडमनी लिहून घेतलं आणि बेल दाबली.

सगळे आत आले. मॅडम वैनीकडे बघून म्हणाल्या, “मुलगी आईकडे राहायचं म्हणतेय.”

वैनीने तोंडावर हात ठेवला. तळवा ओठांवर दाबून, डोळे मोठे करून ती माझ्याकडे बघत राहिली. काकूचा चेहरा उतरला. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. काकाही बघत होते, वकीलही. सगळी खोली माझ्याकडे बघत होती, शनिवारी ओटी बघायची तशी, आता ही काय करून दाखवते म्हणून. मला वाटलं, काकू पुन्हा कधी हसणार नाही. आणि दुसरं जे वाटलं ते लिहायला अजून लाज वाटते. वैनीचा तो तोंडावरचा हात मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला वाटलं, हा आपल्याला मस्त जमेल. पण दिघ्याला ओटी नव्हती. करून दाखवायला कोणी नव्हतं.

मी उठून काकूजवळ गेले आणि तिचा पदर धरला. “ही आई,” मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. वैनीकडे बोट करून विचारलं, “आणि ह्या?”

“ही वैनी.”

काकांचे वकील ताबडतोब बोलायला लागले. मुलीच्या तोंडून आलंय, मॅडम. मुलीच्या मनात आई कोण ते तिनेच सांगितलंय. मामा मध्येच ओरडले, अहो, तिला सवय आहे तशी, सगळे म्हणतात म्हणून ती म्हणते. मॅडमनी दोघांनाही गप्प केलं. वैनीने हात तोंडावरून काढला नव्हता. निकाल पुढे दोन महिन्यांनी लागला, आणि त्यात नोकरी, एक खोली, शाळा अशी बरीच कारणं होती म्हणे. मला ते कागद कोणी दाखवले नाहीत. माझ्यासाठी निकाल त्या दिवशीच लागला. संध्याकाळी ओटीवर मी तो हात करून दाखवला. तीनदा दाखवला, कारण काकूने पुन्हा पुन्हा मागितला.

निकालानंतर महिन्यातून दोन शनिवार भेट ठरली होती. त्यातला एकच झाला. वैनी डबा न घेता आली. वेण्यांना हात लावला नाही. माझ्या शेजारी बसली आणि समोरच्या कबुतरांकडे बघत म्हणाली, “तू चुकली न्हाईस. तुला कळलं नाही, एवढंच झालं. तुझ्या मनात मीच हुते. मला म्हाईत हाय.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला कळलं होतं वैनी, एवढंच वाक्य. ते बोलले असते तर तिने मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, काहीतरी झालं असतं. मी गप्प बसले, आणि माझी सुटका झाली असं मला वाटलं. ती म्हणाली, “आता मी येत न्हाई. तुलाबी तरास आणि मलाबी.” तिने माझ्या फ्रॉकची कॉलर सरळ केली आणि उठली. ती रडली नाही. तेव्हा साडेअकरा वाजले होते. काका एकला यायचे होते. मी दीड तास त्या हॉलमध्ये एकटी बसून होते. गाड्या आल्या, माणसं गेली, गाड्या आल्या. ती एखाद्या गाडीने परत येईल, असं मला पहिल्या पाच गाड्यांपर्यंत वाटलं.

घरी मीठ-मिरच्या झाल्या. वास कोणाला आला नाही. मग ओटी माणसांनी भरली. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. डबा नाही, वेणी नाही, ‘की’ नाही, रडणंसुद्धा नाही. मी डोक्यावर टॉवेल घेतला, ओठ आत ओढला आणि रडायला लागले. ते थांबेना. आवाज यायला लागला, नाक वाहायला लागलं, मी टॉवेल तोंडात धरला तरी थांबेना. ओटी हसत होती. आत्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

“आगो बाय,” काकू हसता हसता म्हणाली, “अक्षी वैनी!”

त्यानंतर मी कधी ‘वैनी करून दाखव’ला उठले नाही. त्यांनाही हळूहळू विसर पडला. आत्यांची लग्नं झाली. गावाभोवती इमारती उठल्या, अंगणात जवळा वाळत घालायला ऊन उरलं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून कळंबोलीला गेले. काकू माझ्या पाठवणीला इतकी रडली की तिला धरून बसवावं लागलं. वैनीचं दुसरं लग्न झाल्याचं मामांकडून कळलं होतं. एक मुलगी आहे म्हणाले. खांदेश्वरला राहतात, स्टेशनजवळच. इतक्या जागांमधून तिला तीच मिळाली. मामा असंही म्हणाले की ती अजून म्हणते, पोरीला कळलं नाही, चूक झाली ती नावाची. मी तेव्हाही काही बोलले नाही.

काकू गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती. मी रजा टाकून नावड्याला जाऊन राहायचे. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी तिच्या उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत होते. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती आली. आरशात बघितल्यावर मलाही हल्ली ते दिसतं. जबडा, कपाळ, सगळं वैनीचं.

“तू कवा आयलीस?” ती म्हणाली.

“मी आहे गं आई, मी.”

तिने माझा हात केसांतून काढून टाकला. त्या हाडांच्या सापळ्यात कुठून बळ आलं कोण जाणे. “जा,” ती म्हणाली. “पोर नाय देनार मी. परीक्षा हाय तिची.”

त्यानंतर तिने मला ओळखलं नाही. सोमवारी ती गेली. तिच्या मनात शेवटी मी तिची मुलगी नव्हते, मुलगी न्यायला आलेली बाई होते.

बारावं व्हायच्या आत वैनीला कळवावं, असं मी म्हटलं तेव्हा काका म्हणाले, तिला काय गरज. गरज तिला नव्हतीच. आईची एक जागा रिकामी झाली होती आणि मला दुसरीकडे उभं राहून बघायचं होतं की तिथे अजून कोणी आहे का. निरोप हे निमित्त. मला तिला सांगायचं होतं की मला कळलं होतं. मग तिने काय करायचं ते करावं. हे सगळं त्या कठड्यावर बसून मी नीट जुळवलं, आणि उठले.

चौथा मजला. दार एका मुलीने उघडलं. सतरा-अठरा वर्षांची, पाठीला बॅग, एका पायात बूट. “मम्मी, कोणीतरी आलंय,” तिने आत हाक दिली.

वैनी ओले हात पुसत आली. केस पिकलेत, अंगाने भरली आहे. तिने मला ओळखलं. ओळखल्याचं तिच्या हातांवरून कळलं, ते पुसायचे थांबले. ती ‘ये’ म्हणाली नाही. ‘ये की’ तर नाहीच.

काय म्हणायचं ते मी वाटेत दहा वेळा घोळवलं होतं. “काकू गेली,” मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला काकू म्हणत होते. वैनीसाठी मी एवढंच आणलं होतं.

“कोण काकू?” वैनी म्हणाली.

ती मुद्दाम म्हणाली की तिला खरंच कळलं नाही, मला सांगता येणार नाही. आमच्या घरात काकू म्हणून हाक कोणालाच नव्हती. मुलगी दुसरा बूट हातात धरून माझ्याकडे बघत होती. घरातून फोडणीचा वास येत होता.

“आई,” मी म्हटलं. “आई गेली.”

वैनीने मान हलवली. कधी, विचारलं. मी सांगितलं. त्रास झाला का फार, विचारलं. मी नाही म्हटलं. मला कळलं होतं वैनी, हे वाक्य तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात ती मुलीकडे वळली. तिचा आवाज अगदी मऊ होता.

“नावड्याला माझी थोरली जाऊ होती ना, तिची मुलगी ही,” ती म्हणाली. “आई वारली बिचारीची. पाणी दे तिला.”